सेंकाच्या नळीतली राकिया

ग्रादिमिर पहिल्यांदा सेंकाच्या दारात आला, तो भांडायला.

नोवी साद शहरातल्या तंत्रशाळेत सेंकाची नवीकोरी काचेची नळी होती, माणसाच्या दुप्पट उंच. नळीत आणखी एक नळी. खालून हवा सोडली की आतल्या नळीतून बुडबुडे पाण्याला घेऊन वर चढत, आणि बाहेरच्या फटीतून पाणी पुन्हा खाली उतरे. हवेतला प्राणवायू पाण्यात किती विरघळतो, ते सेंका मोजायची. ग्रादिमिर शेजारच्या खोलीत यीस्ट वाढवायचा.

"तुमचा कॉम्प्रेसर घोरतो हो! माझं यीस्ट झोपत नाही."

"मग अंगाई गा, शेजारी."

"गाईन... पण तुम्हाला झोप लागेल, आणि माझी उडेल."

तिनं हसू दाबलं. नीट दाबलं गेलं नाही. त्यानंतर ग्रादिमिरच्या तक्रारी रोजच्याच झाल्या.

आमच्याकडे नवी वस्तू दारूनं ओली केल्याशिवाय लाभत नाही. कोट असो की ट्रॅक्टर. म्हणून तो नळीसाठी आजोबांची राकिया, म्हणजे आलुबुखाऱ्याची घरगुती दारू, घेऊन आला.

"आपण पिऊ," सेंका म्हणाली. "नळीला थेंबही नाही!"

दोघांनी घोट घेतला. ती मोजणीच्या यंत्राच्या तारा आणायला गेली, आणि या शहाण्यानं उरलेली बाटली नळीत रिती केली. सेंकाचं भलं व्हावं म्हणून.

"बाटली रिकामी कशी?"

"प्यालो."

"मग शुद्धीत कसे?"

"तू समोर असताना शुद्ध कुठली..."

नळीतलं पाणी दुधासारखं झालं. बुडबुडे मोहरीएवढे, प्राणवायू भराभर विरघळतोय! प्राध्यापकांनी शुक्रवारच्या परिषदेतलं भाषण तिच्या नावावर केलं. आनंदात तिनं ग्रादिमिरच्या गालांवर रीतीप्रमाणे तीन मुके दिले... आणि एक जास्तीचा.

त्या जास्तीच्यानं त्याला चैन पडेना.

"सेंका... त्यात राकिया आहे."

तिनं कॉम्प्रेसर बंद केला. उरलेले बुडबुडे हळूहळू वर निघून गेले.

"पाण्यात दारू आली की बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "लहान राहतात, रेंगाळतात, म्हणून पाण्याला जास्त देऊन जातात... आणि मी समजले, नळीच छान बांधलीय."

"गप्प बसलो असतो तर शुक्रवार पार पडला असता."

"मग बोललास का?"

"तो चौथा मुका... चोरल्यासारखा वाटत होता."

तिनं नळी रिकामी केली. ते पाणी गेलं दानूब नदीला. त्या रविवारी एका मगूर माशानं माझा गळ स्वतःहून ओढून विचारलं, 'आणखी आहे का?' खोटं वाटत असेल तर माशाला विचारा.

मग सेंकानं प्राध्यापकांना फोन लावला आणि आकडे चुकल्याचं सांगितलं. फोनमधली गर्जना भिंतीपलीकडच्या यीस्टलाही ऐकू गेली असेल.

"शुक्रवारी जगाला काय तोंड दाखवू? चूक कोणाची?"

ग्रादिमिरनं हात पुढे केला. "दे इकडे. माझी म्हणून सांगतो."

सेंकानं फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याच्याकडे बघितलं.

"माझ्या माणसाची, सर," ती म्हणाली.