अर्धकुशल

सेलूच्या झेरॉक्सच्या दुकानात मोनालीचा कागद आधीच्या गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात गेला. शोधायला घेतला तर दोघांचेही कागद सारखेच निघाले — किमान वेतनाचे नवे दर.

"तुमी पण युनियनचे का?" तिनं विचारलं.

"नाई... मालकाकडचा. सिंदीच्या जिनिंगात सुपरवायझर. अश्वजित. परवाच लागलो."

मोनाली त्याच जिनिंगात कापसातून सरकी काढायच्या मशीनवर होती, आणि बायकांच्या वतीनं मालकाशी बोलणीही तीच करणार होती.

"मंग मंगळवारी भेटू," ती म्हणाली. "टेबलाच्या त्या बाजूले."

मंगळवारी तो समोर बसला. चहा आला तसा त्यानं आपला कप तिच्याकडे सरकवला.

"लाच देऊन राह्यले का?"

"साखर जास्त आहे. तुमाले तसाच लागते... पाह्यलं मी."

"साऱ्या बायकांवर असंच लक्ष ठेवता?"

"नाई. एकीवर," तो म्हणाला आणि वहीत पाहू लागला.

दोन बैठका फुकट गेल्या. मालकाचं म्हणणं, बायका अकुशल, म्हणून दर सगळ्यात खालचा. मोनालीचं म्हणणं, त्या मशीन चालवतात, म्हणून अर्धकुशल. तिसऱ्या बैठकीला सरकारी कामगार अधिकारी आले. त्यांनी सुपरवायझरलाच विचारलं, "मशीन कोण चालवतं?"

मालकानं अश्वजितकडे पाहिलं. मोनालीनं पाहिलं नाही.

"ह्याच चालवतात," अश्वजित म्हणाला. "रोलर अडला तर मोकळाही ह्याच करतात."

संध्याकाळी करारावर सह्या झाल्या. आठवड्याभरात अश्वजितला काढून टाकलं. युनियनला त्याच्यासाठी भांडता येईना. सुपरवायझर कामगारांत मोडत नव्हता. हिंगणघाटला त्याला दुसरं काम मिळालं, कमी पगाराचं.

मोनाली त्याला सोडायला सिंदीच्या स्टेशनवर आली.

"काऊन सांगितलं तसं?"

"खरं होतं."

"बस... इतकंच?"

"नाई. पण बाकीचं सांगाले हाताले काम पाह्यजे होतं."

"मिळालं ना आता."

गाडी दिसू लागली होती.

"मले तुमी आवडता," तो म्हणाला. "पहिल्या बैठकीपासून — समोरच्या बाजूले बसून."

तिनं ओढणी सारखी केली.

"रविवारी सुटी रायते का तिकडं?"

"रायते."

"मंग स्टँडवर घ्याले येजो. मी घरी सांगूनच येईन."

तो गाडीत चढला. आज ती आपल्याला पहिल्यांदाच एकेरीत बोलली, हे त्याच्या सेवाग्राम गेल्यावर लक्षात आलं.