पश्चिमेकडचे तीन वाफे

सकाळी आठलाच फूल उत्पादकांच्या संघात एका पॉलिहाऊसच्या मालकांचा फोन आला आणि तपासनीस अर्धा चहा तसाच टाकून निघाले. आठवड्यातलं हे सहावं पॉलिहाऊस. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला होता?

आत शेवंतीचे बारा वाफे होते. नऊ कळ्यांनी गच्च भरलेले. पश्चिमेकडच्या तीन वाफ्यांत मात्र नुसती हिरवीगार पानं. औषधालाही कळी नव्हती.

मालकांनी खापर आधीच फोडून ठेवलं होतं. शेवंतीला कळी धरायची तर रोज चौदा तास मिट्ट अंधार लागतो. म्हणून संध्याकाळी पाचला वरून आणि चारी बाजूंनी काळं कापड ओढायचं, सकाळी सातला काढायचं. हे काम माळीणबाईंचं, आणि पश्चिमेला त्यांनीच अंगचोरपणा केला, असं मालकांचं म्हणणं. ‘उद्यापासून येऊ नका’ हे सांगूनही झालं होतं. संघाने तसं लेखी दिलं की बाईंना आसपास कुणीही कामावर घेणार नव्हतं. चौदा वर्षांची नोकरी, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला.

माळीणबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी रडारड केली नाही. पाचला कापड ओढते, खालची कड विटांनी दाबते, घरी जाते. सकाळी येते तेव्हा सगळं बंदच असतं, एवढंच त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. तपासनीसांना त्यांची दया आली. पण दयेवर अहवाल लिहिता येत नाही.

ते वाकून वाकून कापडाला भोकं शोधत फिरले. एकही सापडलं नाही. मग पश्चिमेच्या खांबावरचं तापमान नोंदणारं यंत्र उघडून त्यांनी दोन महिन्यांचे कागद पसरले. पाचला कापड ओढलं की रेघ चढायची आणि साडेपाचला एकदम खाली यायची. रोज हेच. फक्त गेल्या महिन्यात अकरा ते चौदा तारखेला ती तशी घसरली नव्हती.

“पाचनंतर आत कोण येतं?” त्यांनी मालकांना विचारलं.

“कुणी नाही.”

“तुम्ही?”

“मी मालक आहे. चक्कर मारणारच. गुलाब होते तेव्हापासून पंधरा वर्षं मारतोय. शेवंती यंदा पहिल्यांदा लावली.”

“रोज मारता?”

“रोज. मागे मुलीला बाळ झालं म्हणून गेलो होतो, ते चार दिवस सोडले तर. अकराला गेलो, पंधराला सकाळी परत.”

तपासनीस पालथ्या घमेल्यावर बसले. आता उभं राहवत नव्हतं.

“गुलाबाच्या वेळी तापमानाचा काटा तिशीपार गेला की काय करायचात?”

“बाजूचं प्लास्टिक वर करायचो. हातभर. आताही पश्चिमेचं कापड तसंच वर करतो. आत फार उकडतं हो. साडेसातला जाताना परत खाली सोडतो, विटा ठेवतो.”

“आणि बाहेर तोवर उजेड असतो. गुलाबाला त्याचं काही नसतं. शेवंतीच्या लेखी मात्र दिवस लांबतो, आणि दिवस मोठा असला की ती पानंच वाढवते. उजेड पोचला तेवढे तीन वाफे रिकामे राहिले.” त्यांनी कागद पुढे केला. “हे चार दिवस बघा. बाई एकट्या होत्या, आणि तेवढेच दिवस कापड जागचं हललं नाही. या कळ्या तुम्ही घालवल्यात.”

“मला वाटलं, मी झाडांना जपतोय,” मालक म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

अहवालात चूक कुणाची या रकान्यात तपासनीसांनी ‘मालक’ लिहिलं. मालकांनी सही केली आणि ते दाराशी गेले.

“बाई, चुकलं माझं. उद्या या.”

माळीणबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

“येईन. घरी बसून माझं भागायचं नाही. पण मालक, चौदा वर्षं मी इथे राबले, आणि तुम्ही मला साधं विचारलंसुद्धा नाहीत. आता माझं एक ऐका. पाचला मी कापड ओढलं की आत कुणी पाऊल टाकायचं नाही. तुम्हीही नाही.”

मालकांनी होकारार्थी मान डोलावली.