मागाच्या खोलीतला आवाज

मारोतराव ही गोष्ट कंदील बारीक केल्याशिवाय सांगत नसत. नातवंडं सरकून बसली की म्हणत, "आपल्या शेजारच्या गिरिधराले घडलं हे. सकाळी मी त्याले माह्या डोयानं पाह्यलं."

मानमोडीच्या साथीनंतरचं साल. त्या साथीत गिरिधर कोष्ट्याची बायको, देवकी, दोन दिवसांच्या तापात गेली. मूलबाळ नव्हतं. घराला कुलूप घालून तो गिरणीत लागला, तिकडेच एका खोलीत राहू लागला. गिरणीच्या खडखडाटात वर्ष सरलं, आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की देवकीचा आवाज आपल्याला आठवत नाही. डोक्याला तेल लावताना ती काय बोलायची ते आठवे, आवाज नाही. हे सांगायचं तरी कुणाला?

शेवटी त्यानं माग विकायचं ठरवलं. मारबतीचा दिवस होता, रोगराईचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायचा. मिरवणूक होऊन गल्ल्या रिकाम्या झाल्या, तसा तो माग खोलायला घरी आला. आतून कडी लावली, दिवा पेटवला. मागावर देवकी असतानाचं लुगडं अर्धंच राहिलेलं. सूत कापायला हात धजेना. एवढं विणू, मग खोलू, म्हणून तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

उभ्या सुतातून धोटा फिरू लागला. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं. देवकी मागं बसून रहाटावर कांड्या भरून द्यायची, त्या सवयीनं त्यानं हात मागं केला…

हातात भरलेली कांडी आली.

सूत ओलसर होतं. मागं रहाट कुरकुरत होता. सुताला लावायच्या आंबट खळीचा वास आला. तो विणत राहिला. पुन्हा हात. पुन्हा कांडी.

मग, अगदी जवळून…

"काहून इतके वाळले जी तुमी?"

तोच आवाज. जरा बसका, शेवटी वर जाणारा.

वळलं तर दिसेल. किंवा निघून जाईल… गिरिधर वळला नाही. समोरच्या सुताकडे बघत एवढंच म्हणाला, "बोलत राह्य वं."

रहाट थांबला.

…

दिवा विझला. त्यानं मान वळवली नाही.

सकाळी मारोतरावांनी बऱ्याच हाका मारल्या, तेव्हा कुठं त्यानं कडी काढली. माग विकत नाही म्हणाला. आवाज सापडला म्हणाला. रात्रीचं सगळं सांगत होता, आणि मारोतराव त्याच्या डोक्याकडे बघत होते.

वर्षभर तेल न लागलेले राठ केस तेलानं थबथबले होते. मधोमध भांग पाडलेला.

मारोतरावांनी हात लावला. तेल अजून कोमट होतं.