आरशात दिसेपर्यंत

“कापा दादा, स्टिअरिंग अजून उजवीकडे कापा! येऊ द्या, येऊ द्या... बास!”

ट्रक गोदामाच्या ओट्याला अलगद टेकला. दार उघडलं, आणि खाली उतरली ती खाकी शर्टातली, लांब वेणीची एक मुलगी. मागे उभं राहून खुणा करणाऱ्या माणसाच्या हातातली शिट्टी सुटून गळ्यात लोंबू लागली.

“माफ करा... ताई.”

“दादाच बरं होतं,” ती म्हणाली. “ताई नको.”

“मग काय म्हणू?”

“ड्रायव्हर म्हणा. तेच व्हायला आलेय.”

त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी ‘ड्रायव्हर’ झाली. आणि तो? त्याला सगळेच ‘शिट्टी’ म्हणत, तीही म्हणू लागली.

तेव्हा ट्रकना मागचं दाखवणारे कॅमेरे नव्हते. दोन बाजूंचे दोन आरसे आणि मागे उभा एक माणूस, एवढ्या भरवशावर ते धूड मागे घ्यायचं. शिट्टीने पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं, “मी आरशात दिसेनासा झालो की ब्रेक. कुठे गेला, का गेला, काही विचार करायचा नाही. आधी थांबायचं.”

“आणि दिसत असलात तर?”

“तर... या की मागे.”

ती हसली. तो उगाचच शिट्टी पुसत राहिला.

रोज सकाळी बाकीच्या गाड्यांच्या आरशांवर धूळ असे. तिचे मात्र लख्ख पुसलेले. तिने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

पण ती काही आवारातल्या आवारात ट्रक हलवायला आली नव्हती. तिचे बाबा लांबच्या मार्गावर गाडी चालवायचे. घाटातलं धुकं, रस्त्यात उजाडणारी पहाट... त्यांच्या तोंडून ऐकत ती मोठी झाली. बाबा गेले आणि तो रस्ता तिच्या मनात तसाच पडून राहिला. त्या मार्गावर बाई कधी गेलेली नव्हती. “तू आवारातच बरी,” असं म्हणणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी तिच्या हट्टापुढे हात टेकले आणि परीक्षा ठरवली. लांबलचक ट्रेलर दोन भिंतींच्या मधून मागे घ्यायचा, कुठेही न थांबता. एकच संधी.

“मी पास झाले तर आनंद होईल ना तुम्हाला?” आदल्या दिवशी तिने विचारलं.

“होईल की,” तो म्हणाला — दुसरीकडे बघत.

परीक्षेला सगळं गोदाम लोटलं होतं. ट्रेलर सुतासारखा सरळ मागे येत होता. निम्मी वाट सरली... आणि तिचा आरसा रिकामा झाला. शिट्टी दिसेना!

तिने ब्रेक दाबला.

“घाबरली!” साहेब म्हणाले. “झालं, संपलं. आता आवारातच राहा.”

ती खाली उतरली. साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. “घाबरले नाही, साहेब. आरशातला माणूस गेला. मग थांबायचंच असतं.”

सगळ्यांच्या माना शिट्टीकडे वळल्या. तो गप्प बसला असता तर ती कायम तिथेच राहिली असती, रोज त्याच्या डोळ्यांसमोर. तिलाही ते कळलं. तिने श्वास रोखून त्याच्याकडे पाहिलं.

“चूक माझी,” तो म्हणाला. “मी बाजूला झालो.”

“का? इतक्या वर्षांत कधी जागचा हलला नाहीस तू!”

“डोळे भरून आले, साहेब. ही पास होणार, म्हणजे जाणार... तिला दिसू नये म्हणून भिंतीआड झालो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एकटंच पडलं. साहेबांनी घसा खाकरला. “पुन्हा घे गं गाडी. आणि तू, हललास तर याद राख!”

या वेळी तो हलला नाही. गालही न पुसता, दोन्ही हात उंचावून, शेवटपर्यंत तिच्या आरशात उभा राहिला.

सोमवारी ती निघाली. आरसे लख्ख होते. निरोप कसा घ्यायचा ते दोघांनाही कळत नव्हतं, म्हणून कुणीच घेतला नाही. आरशात तो लहान लहान होत गेला... आणि फाटकाच्या वळणावर दिसेनासा झाला.

ट्रेलर करकचून थांबला.

तो धावत आला. “काय झालं? काही बिघडलं का?”

“दिसेनासे झालात,” ती खिडकीतून म्हणाली. “मग थांबायचं ना?”

“अहो, ते मागे घेताना! पुढे जाताना... नाही थांबायचं, ड्रायव्हर.”

“मग ऐका. माल उतरवून मी परत येईन. आणि मागे घेताना मला दुसऱ्या कुणाची खूण चालणार नाही. कधीच.”

त्याने शिट्टी ओठांना लावली आणि लांबलचक फुंकली. रस्ता मोकळा आहे, जा, असा त्या शिट्टीचा अर्थ.

आरसा पुन्हा रिकामा झाला. या वेळी ती थांबली नाही. शिट्टी मात्र पार मोठ्या रस्त्यापर्यंत तिच्या सोबतीला होती.