निरीक्षणाचा रकाना

पाणी शंभर अंशांना उकळतं, असं मी एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या शाळेत ते कधीच शंभरला उकळलं नाही. गाव उंचावर आहे, हवेचा दाब कमी पडतो. सत्त्याण्णवला पाणी खदखदायला लागायचं आणि पारा तिथेच थांबायचा. पण पुस्तकात शंभर होतं, परीक्षकांना शंभर हवं होतं, म्हणून मुलं थर्मामीटरवर सत्त्याण्णव बघायची आणि प्रयोगवहीत शंभर लिहायची. मी खाली लाल शाईने सही करायचो. यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटत नव्हतं. निदान फारसं वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी शाळेतून फोन आला. विज्ञानाचे शिक्षक पाय मोडून घरी बसले होते, प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि दहावीच्या एका तुकडीच्या वह्या अर्ध्या कोऱ्या होत्या. वही पूर्ण नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत.

"दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून तुम्हाला विचारतेय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "गैरसमज नको."

त्या माझ्याच विद्यार्थिनी. त्यांचा आवाज असा का, ते मला ठाऊक होतं. मी नाहीच म्हणणार होतो. मला माणसांत वावरायला जमत नाही. शिकवायला जमत होतं की नाही, याबद्दलही खात्री नाही. पण त्या तुकडीत माझी नात होती. अंगाने काटकुळी, पायाला भिंगरी, म्हणून घरात तिला आम्ही खार म्हणतो.

"आजोबा, नका ना येऊ," ती म्हणाली. "वर्गात माझं जिणं हराम करतील."

"तुझी वही पूर्ण आहे?"

ती नखं कुरतडत बसली. मी गेलो.

प्रयोगशाळा तळमजल्याच्या टोकाला. सात टेबलं, काळ्या दगडाची, प्रत्येकाला एक बेसिन. खिडक्या उत्तरेकडे, त्यामुळे ऊन कधीच आत येत नाही. मागच्या भिंतीला कपाटं. त्यांतल्या शेवटच्या दोन कपाटांत जुन्या प्रयोगवह्या, वर्षावार सुतळीने बांधलेल्या, खचाखच भरलेल्या. बहुतेक माझ्याच सहीच्या. स्पिरिटचा वास ओळखीचा होता. त्याखाली आणखी एक वास होता, घामेजल्या मुठीत लोखंडी किल्ली धरून ठेवल्यावर हाताला येतो तसा. तो पूर्वी नव्हता.

मी आत गेलो तेव्हा अठ्ठावीसपैकी कोणी उठलं नाही.

"सर," मागून एक आवाज आला, "तुमच्या काळी पाणी उकळायचं का हो?"

सगळे हसले. याला चांगलं उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं.

पहिला प्रयोग तोच होता. मुलांनी गेल्या वर्षीच्या वह्यांवरून रकाने आधीच भरून आणले होते. ही रीत माझ्याच काळात पडली. मी पहिल्या टेबलाशी वाकून उभा राहिलो. पारा सत्त्याण्णवला थांबेल म्हणून वाट बघत होतो. तो थांबला नाही. सत्त्याण्णव ओलांडून संथपणे वर गेला आणि शंभरच्या रेघेवर अलगद टेकला. दुसऱ्या टेबलावर शंभर. सातही टेबलांवर शंभर.

त्यातला एक थर्मामीटर मी रुमालात गुंडाळून घरी आणला आणि स्वयंपाकघरात पातेल्यात धरला.

"बाबा, ते चहाचं आधण आहे," सून म्हणाली.

"एकच मिनिट."

सत्त्याण्णव.

दुसऱ्या तासाला लंबक. वीस आंदोलनांना चाळीस पूर्णांक दोन सेकंद, असं वह्यांत लिहिलेलं. मी स्वतः घड्याळ हातात घेतलं. चाळीस पूर्णांक दोन. पुन्हा घेतलं. तेच. हाताने मोजताना दोनदा तेच येत नाही. माणसाचा अंगठा तेवढा नेमका नसतो. मग मी दोरा वीतभर आखूड केला. आखूड लंबक लवकर झुलतो, हे सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. गोळा झुलला, पण कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा जड, नाइलाजाने झुलला. चाळीस पूर्णांक दोन.

"सर घड्याळाला ताप आलाय का बघतायत," कोणीतरी म्हणालं. मी घड्याळ तळहातावर घेऊन उलटंसुलटं करून बघत होतो.

तिसऱ्या तासाला आम्ल आणि लिटमस. पाचव्या टेबलावरच्या एका मुलाने उतरवून घेताना ओळ चुकवली होती. आम्लात निळा लिटमस लाल होतो, हे त्याने एक ओळ खाली लिहिलं होतं. आम्लाच्या ओळीत "बदल नाही" असं होतं. एकाच बाटलीतलं आम्ल सगळ्यांना वाटलेलं. सहा टेबलांवर कागद लाल झाले. पाचव्यावर झाला नाही. मी दुसरा कागद बुडवला, तिसरा बुडवला. निळे ते निळेच, ओले, बोटाला चिकटणारे. तोच कागद उचलून मी शेजारच्या टेबलावरच्या नळीत घातला. तो लगेच लाल झाला.

मी मुलाच्या वहीकडे पाहिलं. मग मागच्या कपाटांकडे पाहिलं. का पाहिलं, ते सांगता येणार नाही.

तास संपल्यावर मी परिचर बाईंना थांबवलं. काचेची भांडी धुणं, मोजणं, त्यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. वीस वर्षं त्या याच खोलीत आहेत आणि माझ्याशी त्या कधीच चार शब्द बरे बोलल्या नाहीत.

"तुम्हाला इथे काही वेगळं वाटतं का?"

"मला पगार वेगळा मिळत नाही, तर काय वाटून घेऊ?"

"तसं नाही. तुमची नोंदवही पेन्सिलीत का असते?"

त्यांनी फडकं पिळलं. "एकदा पेनने लिहिलं, सहा बीकर फुटले म्हणून. मोजायला चुकले होते, पाचच फुटलेले."

"मग?"

"मग काय. पेन ठेवते न ठेवते तोच सहावा फुटला, फळीवरच्या फळीवर. हात नाही लागला कुणाचा." बादली उचलून त्या दाराकडे निघाल्या. "तुम्हीच भरून ठेवलंय हे सगळं. आता आम्हाला विचारताय."

मुख्याध्यापिकांकडे जायचं मी दोन दिवस टाळलं. मग गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच थर्मामीटरचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं, लिटमसचं सांगितलं. सांगताना ते मलाच खुळ्यासारखं वाटत होतं.

"मी नववीत होते," त्या म्हणाल्या. "सत्त्याण्णव लिहिलं होतं. तुम्ही वर्गापुढे वही धरलीत आणि म्हणालात, या बाईसाहेबांसाठी पाण्याने नियम बदललाय. आठवतं?"

"आठवतं."

"तीन दिवस मी शाळेत आले नाही. आणि आता पाणी शंभरला उकळतंय, तर तुम्हाला त्रास होतोय."

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे म्हणायला मला तीस वर्षं लागली आणि ते अगदी बारीक आवाजात आलं.

"वह्या शुक्रवारपर्यंत पूर्ण करा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी ठरवलं की निदान उरलेला एक प्रयोग तरी खरा करायचा. आधी काही उतरवायचं नाही. रकाने कोरे. म्हणजे चूक लिहिली जाणार नाही आणि जे काही या खोलीत साठलंय त्याला धरायला काही मिळणार नाही. तेव्हा मला हा विचार फार शहाणपणाचा वाटला.

शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतरचा तास. प्रयोग साधा: नाडीचे ठोके. विश्रांतीत एक मिनिट, पन्नास उड्या मारल्यावर एक मिनिट, पाच मिनिटांनी पुन्हा एक मिनिट. जोडीतल्या एकाने दुसऱ्याची नाडी मोजायची आणि त्याच्या वहीत नोंद करायची.

"आज एकच नियम," मी म्हणालो. "जे मिळेल तेच लिहायचं. अंदाजाने नाही, पुस्तकातलं नाही. आकडा विचित्र आला तरी तोच. पेनने."

"आणि मार्क गेले तर?"

"जाणार नाहीत."

"नातीचे नाही जाणार," दुसऱ्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली. प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून सगळे तिला वकील म्हणायचे. नेमकी तीच खारीच्या जोडीला होती. दोघी एका बाकावर बसल्या होत्या आणि मध्ये दप्तर ठेवलं होतं.

मी घड्याळ लावलं. अठ्ठावीस जण गप्प झाले, वकीलसुद्धा. खोलीत नळाचं थेंबथेंब गळणं तेवढं ऐकू येत होतं. मग तेही ऐकू येईना. तो किल्लीचा वास वाढला. मला वाटलं, खोली कान देऊन ऐकतेय. असं वाटणं मला शोभत नाही, पण वाटलं.

"वेळ संपला. लिहा."

पेनांची खसखस झाली.

"सर," वकील म्हणाली, "हिची नाडी सापडतच नाही."

"बघू, मी..." मी टेबलांमधून वाट काढत निघालो.

"मनगटच एवढंसं आहे. मी मिनिटभर शोधली. एकही ठोका मिळाला नाही. तुम्ही म्हणालात ना, मिळेल ते लिहा? लिहिलं मी."

"काय लिहिलंस?"

"शून्य."

खारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वर्गात ती मला सर म्हणायची.

"आजोबा," ती म्हणाली.

ती पडली नाही. दगडी टेबलावर गाल टेकवून बसली, डोळे उघडे. हात होता तिथेच राहिला, तळवा वर.

मी मनगट धरलं. मग मान धरली. मग छातीला कान लावला.

पूर्ण शांतता होती. नुसतं ऐकू न येणं नव्हे ते. आत काही नव्हतंच.

"मी काही नाही केलं," वकील म्हणत होती. "मी काही नाही केलं हो सर, तुम्हीच म्हणालात."

"वही," मी म्हणालो.

"काय?"

"वही दे इकडे!"

माझा इतका मोठा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता.

चुकीचं निरीक्षण खोडरबराने पुसायचं नसतं. त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि शिक्षकाने तारखेसह सही करायची. एकतीस वर्षं मी हे शिकवलं. खिशातून लाल शाईचं पेन काढलं. टोपण दातांनी ओढलं.

शून्यावर रेघ मारली.

बरोबर आकडा मला माहीत नव्हता. मोजायला काही शिल्लक नव्हतं.

मी बहात्तर लिहिलं. पुस्तकात बहात्तर असतं.

सही केली.

तिने श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा. माझ्या बोटांखाली एक ठोका आला. मग दुसरा.

नळ पुन्हा गळायला लागला.

मुख्याध्यापिका धावत आल्या, तोवर ती उठून बसली होती. उपाशी होती, चक्कर आली, असं सगळ्यांनी ठरवलं. वकील कोपऱ्यात रडत होती. मुख्याध्यापिकांनी टेबलावरची वही उचलली, पान पाहिलं.

"हे मोजलंत?"

"नाही."

मग त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "ही जमा करू नका," त्या म्हणाल्या. "तिला दुसरी करून देऊ." त्या दिवसानंतर आम्ही बोललो नाही.

खार परीक्षा पास झाली. आता ती कॉलेजात जाते. मी रोज काही ना काही निमित्त काढून तिची नाडी बघतो. म्हाताऱ्याचा चाळा म्हणून ती बघू देते. झोपेतून उठल्यावर बहात्तर. तीन जिने पळत चढून आल्यावर बहात्तर, आणि तिला धापही लागत नाही. हिवाळ्यात तिला एकशे तीन ताप होता, अंग भाजत होतं, तेव्हाही बहात्तर. डॉक्टर म्हणाले, काळजाने घट्ट आहे पोरगी, घड्याळ लावून घ्यावं असं. माझा मुलगा हसला. मैत्रिणीशी भांडून ती हमसून रडत होती तेव्हा मी तिचा हात धरला होता. बहात्तर. उड्या मारल्यानंतरचा आणि पाच मिनिटांनंतरचा, असे दोन्ही रकाने कोरेच राहिले होते. ते भरायचं धाडस मला झालेलं नाही.

वही माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली. लाल शाई उडते. हे मला आधी कळायला हवं होतं. दर रविवारी मी पान उघडून बघतो. सही आता फिक्कट गुलाबी झाली आहे. आडवी रेघ तर शोधावी लागते. तिच्याखालचं शून्य मात्र लख्ख आहे. साधं बॉलपेनचं शून्य, पण पहिल्यापेक्षा गडद. मी त्याच पेनने रेघ पुन्हा गिरवून पाहिली. शाई मेणावर पडावी तशी थेंब होऊन घरंगळली आणि कागद कोरडा राहिला. काळ्या शाईनेही पाहिलं. पेन्सिलीनेही.

आज सकाळी ती निघायच्या घाईत होती. एक चप्पल पायात, एक हातात. मी म्हटलं, जरा हात दे.

"काय हो आजोबा, बस चुकेल माझी."

"मिनिटभर."

ती दाराला टेकून उभी राहिली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजत गेलो. मिनिट संपलं.

"किती?" तिने हात सोडवून घेत विचारलं.

एकाहत्तर होते.

"बहात्तर," मी म्हणालो.