चौथी थप्पी

मानवतच्या पुढे, मोठा रस्ता सोडून चार किलोमीटर आत, ज्वारीचं एक खाजगी गोदाम होतं. तिथला कॉम्प्युटर तीन दिवसांपासून मुका झाला होता. परभणीच्या ऑफिसात बसून निकितानं तो चालू करायचे सगळे उपाय करून पाहिले, पण पलीकडून काही हालेना. शेवटी योगीराज सर म्हणाले, "जाऊनच ये. हात लावल्याशिवाय तो उठायचा नाही." माघातली दुपार होती. तिनं स्कूटी काढली.

गेटावर भगवानराव वॉचमन बसले होते. त्यांनी किल्ली दिली, पण उठले नाहीत.

"आत चला की मामा."

"मी न्हाई येत, ताई. वास लय हाय. उंदरं मेलीत कुठंतरी."

शटर उघडताच वास अंगावर आला. आधी आंबलेल्या पिठासारखा. मग त्याच्याखालून दुसरा, गोडसर, टाळूला चिकटणारा. निकितानं ओढणी नाकाला बांधली. दोन्ही बाजूंना पोत्यांच्या उंच थप्प्या, मधे अंधारी वाट. पाय टाकला की खाली किडे चुरचुर फुटत.

टोकाच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरचा हिरवा दिवा लागलेला होता, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. डब्याला हात लावला तर तो कोमट आणि ओलसर लागला. तिनं स्क्रू काढून झाकण उघडलं. आतला पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी अळ्यांनी विणलेला मळकट, चिकट गोळा होता, आणि तो सगळा हळूहळू हालत होता. एक अळी तिच्या बाहीत शिरली. तिनं हात झटकला, हातावर पिशवी चढवली आणि डोळे मिटून गोळा ओढला. तो तुटेचना. तारा ताणत, लांबत बाहेर आला.

पंखा पुसून तिनं बटण दाबलं. कॉम्प्युटर उठला.

प्रत्येक थप्पीत खोचलेल्या तारेवरून तापमान आणि ओलावा स्क्रीनवर दिसायचा. बाकीच्या पाच थप्प्या एकोणतीस-तीस अंशांवर होत्या. चौथी सदतीस. तिचा ओलावाही स्थिर नव्हता. जरा चढायचा… उतरायचा… पुन्हा चढायचा. निकिता बघत राहिली. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं, आपला श्वास त्या आकड्याबरोबर चाललाय.

तिनं सरांना फोन लावला. "धान्य तापलं असेल, नाहीतर तार खराब," सर म्हणाले. "कॉम्प्युटर चालू झाला ना? मग निघ."

ती निघाली. पण गेटाशी पाय अडला. सदतीस म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाची ऊब, हे डोक्यातून जाईना.

"मामा, तुमच्या आधी इथं कोण होतं?"

"परमेश्वर. दसऱ्याला गायब झाला. कुण्या बाईसंगं पळाला म्हणतेत. बायको त्याची, शिवकन्या, दर बाजाराला येती अन् हितं गेटाला बसून राहती."

"मामा… हमाल बोलवा. चौथी थप्पी उतरवायची."

"कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या. नोकरी जाईल तर माझी जाईल."

चार हमाल आले. पोती उतरली तसा वास इतका दाटला की दोघं बाहेर जाऊन ओकून आले. थप्पी आणि भिंतीच्या मधल्या फटीत, कोसळलेल्या पोत्यांखाली परमेश्वर बसलेला होता. कातडी वाळून हाडाला चिकटली होती, डोळ्यांच्या खोबणीत किडे होते. तारेचं टोक सदऱ्यातून घसरून छातीला टेकलं होतं.

निकिता मागं सरकली, पण गेली नाही. तिनं शिवकन्येला निरोप धाडला आणि ती येईपर्यंत थांबली.

सांज झाली तेव्हा पोलीस आले, डॉक्टर आले. डॉक्टरांनी दुरूनच सांगितलं, चार महिने झाले असतील, ज्वारीनं ओल शोषून देह वाळलाय. शिवकन्येनं कमरेचा करदोटा ओळखला. ती रडली नाही. जमलेल्या माणसांकडे बघून एवढंच म्हणाली, "पळाला न्हवता. म्या सांगत होते, कुणी ऐकलं न्हाई."

मग ती त्याच्याजवळ बसली आणि पदरानं त्याचं तोंड पुसू लागली. पुसता पुसता थांबली. पदर हातावर घेऊन निकिताकडे आली.

"ताई… हे बघा वो."

पदरात ज्वारी होती. चावलेली, दुधाळ, आणि तिच्यातून लाळेची तार अजून लोंबत होती.

"सगळं अंग वाळलंय," शिवकन्या हळूच म्हणाली, "अन् हे आत्ता चावल्यालं हाय."