बिननावाचं गाडगं

नगरच्या दोन खोल्यांत वाढलेली अश्विनी देवळाली प्रवऱ्याच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिला आधी काय दिसलं असेल, तर रिकामी जागा. आता खेड्यातल्या घरात जागेला काय तोटा? पण जिनं आईच्या पलंगाखाली बसून दहावीचा अभ्यास केला, तिला ती जागा नुसती पडलेली बघवायची नाही. बैल विकल्यापासून ओस पडलेल्या गव्हाणीवर फळ्या टाकून तिनं भांड्यांची मांडणी केली. जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळकांडीत शिलाई मशीन बसवलं. खर्च म्हणाल तर खिळ्यांचा. नवरा आदिनाथ दुधाचा टेम्पो चालवायचा. तो हसून म्हणायचा, "जास्त येळ एका जागी बसलो तर ही माझ्यावर पन फळी ठोकंल."

सासू भागिरथीबाईंनाही सुनेचं कौतुकच होतं. उगाच खोटं कशाला बोला, सासू चांगली होती. त्यांनी आडकाठी केली ती एकाच गोष्टीला, मागच्या खोलीला.

मागची खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. ठेंगणं दार, खिडकी नाही, भिंती धुरानं काळ्या. पूर्वी घरातल्या बायका तिथंच बाळंत व्हायच्या, तिथंच शेक घ्यायच्या. दवाखाने आले आणि त्या खोलीचं काम संपलं. मोडकी पाभर, फुटकं घंगाळ, गोणपाटं, असलं काहीबाही तिथं फेकलेलं असायचं. अश्विनीला तिथं न्हाणी आणि संडास करायचा होता. मधे अर्धी भिंत घातली की झालं.

हौस म्हणून नव्हे हो. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं. घरात संडास नाही, बायकांनी पहाटे अंधारात पाटाच्या चारीकडं जायचं. आदल्या वर्षी अश्विनी तिथंच ओल्या गवतावरून घसरली आणि पोटातलं लेकरू गेलं. आता पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता. रात्री ती पोटावर हात ठेवून पडायची. आत लाथ बसली की तिला झोप लागायची, नाही बसली की उठून बसायची.

"ह्या खेपेला मी चारीवर जाणार नाही," तिनं नवऱ्याला बजावलं. "विटा गोठ्याच्या पडलेल्या भिंतीच्या घेऊ. दाराला पत्रा आहे. फरशीचे तुकडे मी शेजारून मागून आणते. नुसतं सिमेंट लागेल."

आदिनाथ कबूल झाला. भागिरथीबाई मात्र चुलीपुढं बसून राहिल्या.

"ती खोली रिकामी न्हाई, पोरी."

"सामान काढलं की झालीच की रिकामी, आत्याबाई."

"सामानाचं न्हाई म्हणत मी. आपल्या घरातल्या समद्यांच्या वारा हायेत तिथं."

बाळामागून पडते ती वार. पूर्वीच्या बायका ती गाडग्यात घालून, वर सुपारी आणि हळदकुंकू टाकून त्याच खोलीच्या जमिनीत पुरायच्या. तिच्यावरच बाळंतिणीला न्हाऊ घालायच्या. त्या घरात असा रिवाज होता की गाडगं जागेवरनं हलवायचंच झालं, तर ते ज्याचं त्याच्या नावानं हाक मारून उचलायचं आणि दुसरीकडं ठेवायचं. नावाशिवाय काही हलवायचं नाही.

"मग तुम्ही बसा समोर, घ्या एकेकाचं नाव," अश्विनी म्हणाली. "शेतात बांधाकडंला पुरू सगळी."

सुनेच्या पोटाकडं बघून भागिरथीबाईंनी मान डोलावली. "बसते. पर त्या कोपऱ्यातल्या चपट्या दगडाला हात लावायचा न्हाई. माझ्या सासूनं मला बजावलंय."

"का?"

"तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई."

चैत्रातलं ऊन रखरखत होतं. गवंडी सहादेव सकाळीच कुदळ घेऊन आला. आदिनाथ टेम्पो घेऊन गेलेला. खोलीतली जमीन वरून टणक होती, पण खाली माती मऊ लागली आणि गाडगी निघू लागली. भागिरथीबाई पाटी घेऊन बसल्या होत्या. गाडगं हातात आलं की त्या ओळखायच्या, कशावरून कोण जाणे. "आदिनाथ, चल बाबा... बनुबाई, चल गं माय... सूर्यभान, चल..." आदिनाथ, त्याची आत्या, त्याचा चुलता. आत काय, काळी माती आणि वाळून गेलेली सुपारी. अश्विनीला ते सगळं चांगलं वाटलं. ह्या घरातली माणसं अशी एकेक करून तिला पहिल्यांदाच भेटत होती.

पाटी भरली तशी भागिरथीबाई ती अंगणात ठेवायला गेल्या.

अश्विनीची नजर कोपऱ्यातल्या दगडावर गेली. चांगला घडीव, सपाट, एका बाजूनं गुळगुळीत दगड. विकत घ्यायला गेलं तर केवढ्याला पडेल! नाहीतरी मोरीचं भोक त्याच कोपऱ्यात पाडायचं होतं. सवय वाईट असते बघा. सासूचं सांगणं ती विसरली नव्हती. पण जिथं तिथं वाचवायची सवय लागलेलं ते डोकं, त्यानं घात केला.

"सहादेवभाऊ, तो दगड काढा बरं. धुण्याला होईल."

सहादेवनं पहार घातली. दगड उचलला आणि तो स्वतः तसाच मागं सरला.

खाली गाडगं होतं. ते जुनं नव्हतं. लाल, कोरं, आत्ताच कुंभाराकडून आणल्यासारखं. तोंडावर फडकं बांधलेलं होतं आणि ते ओलं होतं. खोलीत वास सुटला, ओव्याचा, शेपांचा आणि त्याच्याखाली ओल्या रक्ताचा.

"वहिनी... हे आजचं हाय," गाडगं अर्धवट उचलून सहादेव पुटपुटला.

भागिरथीबाई दारात आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला.

"ठिव. ठिव ते खाली. माती लोट!"

"मावशी, मोरी हितंच काढायचीय. पाइप कुठनं न्हेऊ? दुसरीकडं खनायचं तर मला जमायचं न्हाई. चार दिसांनी मला श्रीगोंद्याला कारखान्याच्या कामावर जायाचंय."

"ऱ्हाऊ दे मग तुजी मोरी. ते आपल्यातलं न्हाई. त्याला नाव न्हाई..."

अश्विनीची कंबर दुखत होती. काम अर्धवट पडणार, खड्डा तसाच राहणार, पहाटे पुन्हा चारी, पुन्हा ते ओलं गवत. तिच्या डोळ्यांसमोर मागल्या वर्षीची ती पहाट आली आणि ती बोलून गेली.

"नाव नाही ना? मग माझ्या बाळाचं म्हणा आणि उचला!"

भागिरथीबाई धावल्या, त्यांनी सुनेच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता.

सहादेवच्या हातातलं गाडगं एकाएकी हलकं झालं. त्याला ते जाणवलं, त्याचे हात वर उडाले. फडकं बघता बघता वाळलं. त्यानं फडक्याची गाठ सोडली. आत काहीच नव्हतं, ओलसुद्धा नव्हती.

आणि अश्विनीच्या पोटातली हालचाल थांबली.

ती संध्याकाळपर्यंत पोट धरून बसली. उजव्या कुशीवर निजली, डाव्या कुशीवर निजली, गूळपाणी प्याली. काही नाही. भागिरथीबाई देवापुढं डोकं टेकून टेकून थकल्या. शेवटी दिवेलागणीला अश्विनी रडत रडत उठली आणि त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं, तशी पोटात लाथ बसली. चांगली जोरात बसली.

ती बाहेर आली. पोट गप्प. आत गेली, पुन्हा लाथ.

तेव्हापासून तिचा मुक्काम त्या खोलीतच. सहादेवनं काम उरकलं, पण तो जेवायलाही थांबला नाही. न्हाणी झकास झाली म्हणून शेजारणी बघायला आल्या. घरातल्याच मोडक्यातोडक्यातून एवढं केलं म्हणून अश्विनीचं कौतुक करून गेल्या. ती नुसती हसायची. बसायला तिनं तिथं पाट ठेवला होता.

मग दुपारचे आवाज सुरू झाले. अश्विनीही जेवणापुरती बाहेर आलेली, सगळे जेवून आडवे झालेले असायचे, बाहेर ऊन आणि कावळे. न्हाणीत तांब्या बुडायचा... पाणी सावकाश ओतलं जायचं... मधेच थाप, थाप... हलक्या हाताची. दार उघडलं की आत कुणी नसायचं. फरशी कोरडी, पण हाताला कोमट लागायची.

"पाइपात हवा धरली आसंल," आदिनाथ म्हणाला. पण स्वतः तो आंघोळीला अंगणातच बसू लागला.

एका दुपारी अश्विनीनं सासूचा हात घट्ट धरला. "आत्याबाई... आत कुणीतरी बाळाला न्हाऊ घालतंय."

"ऐकू नगं."

"बाळ कुणाचं आहे पण?"

भागिरथीबाईंनी तोंडाला पदर लावला.

कळा सुरू झाल्या त्या दुपारच्याच. आदिनाथनं दुधाच्या टेम्पोत गादी टाकली आणि आईला बरोबर घेऊन तिला राहुरीच्या दवाखान्यात नेलं. बाळंतपण सोपं झालं, मुलगी झाली. पण डॉक्टरीणबाई हातमोजे न काढताच तरातरा बाहेर आल्या.

"खरं सांगा, घरी कुणाच्या हातून केलंत? सुईण आणली होती?"

"न्हाई हो बाई! तुमच्या म्होरंच तर..." आदिनाथ म्हणाला.

"मग नाळ कुठंय? वार कुठंय? बेंबी वाळून बरी झालीय मुलीची. दहा-बारा दिवसांची बेंबी आहे ती."

आदिनाथ आईकडं बघू लागला.

आत अश्विनीच्या कुशीत मुलगी दिली होती. गोरीपान, भरलेल्या गालांची, डोळे टक्क उघडे. रडली नव्हती. अश्विनीनं तिला छातीशी लावलं. मुलीनं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. मग मुलीला ढेकर आली आणि ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. अश्विनीला तर अजून पान्हाच फुटला नव्हता.

"हिला कुणी पाजलं?" ती किंचाळली. "सिस्टर, हिला कुणी पाजलं?"

कुणीच पाजलं नव्हतं.

दवाखान्यात मुलगी दोन दिवस राहिली, त्या दोन दिवसांत उतरली. बाटली घेईना, आईचं घेईना, वाटीचमच्यानं घातलेलं ओकून टाकी. मान टाकायला लागली तेव्हा भागिरथीबाईच म्हणाल्या, "घरी चला... बिगी बिगी चला." घरी आल्यावर अश्विनी तिला घेऊन त्या खोलीत गेली. पाण्याचा आवाज झाला. मुलीनं आवाजाकडं मान वळवली, आणि आई बघत असताना तिचे ओठ हलू लागले, चुटूचुटू, वाऱ्यावरच.

आदिनाथनं घण उचलला. "पाडतोच आता ती न्हाणी. दगड परत तिथं घालतो आन् वर माती लोटतो."

अश्विनी दारात आडवी झाली. ओली बाळंतीण ती, अंगात त्राण नव्हतं, पण तिनं चौकट सोडली नाही.

"नको, पाया पडते तुमच्या! आणि मग ही खाईल काय? एक घालवलंय मी. हिला उपाशी मारू का?"

घण तिथंच पडला.

आता रोज दुपारी अश्विनी मुलीला स्वच्छ दुपट्यात गुंडाळते, न्हाणीत पाटावर ठेवते, दार ओढून घेते आणि बाहेर उंबऱ्यापाशी बसते. आवाज थांबले की दार उघडायचं. मुलगी न्हालेली, पावडर लावलेली, पोट भरून निजलेली असते. बाळसं असं धरलंय की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. आईकडं मात्र ती बघत नाही. अश्विनीनं किती खुळखुळे वाजवले, किती नकला केल्या, पण ती काही केल्या हसत नाही.

परवा आवाज थांबले, तरी दार उघडेना. अश्विनीनं ढकललं, खांदा लावला. आतून कडी घातलेली होती. त्या दाराला आतून कडी बसवलेलीच नाही, पत्र्याच्या दाराला ते काम राहूनच गेलेलं. बायका आत गेल्या की दारावर लुगडं टाकतात, तेवढीच खूण.

तिनं आरडाओरडा केला नाही. ती दाराला कान लावून बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई... झालं असेल तर द्या ना माझी पोर."

आत कुणीतरी चुटकी वाजवली. आणि मुलगी हसली, पहिल्यांदा, खदखदून. अश्विनीनं लेकीचं पहिलं हसू बंद दाराबाहेरून ऐकलं.